निर्जन बेटावरचं मिठागर

माझी नेमणूक अंदमानच्या मोजणीवर झाली, हे मी घरात सांगितलं तेव्हा काकी सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं हातातला घोळ पुरा केला, सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले. माझा बा ओटीवर बसला होता. त्याच्याकडं न बघता ती मला म्हणाली, "सांग तुज्या बाला. आता पोर चाललाय तिकडं. तो बगून येल. तवर माज्या कपालाला कोनी हात लावायचा नाय."

काकी बाशी थेट बोलत नसे. मोठा दीर म्हणून. जे बोलायचं ते माझ्या आईला सांगून, आई गेल्यावर मला सांगून. बा तिथंच चार हातांवर बसलेला असे, त्याला सगळं ऐकू जात असे, तरी निरोप माझ्याकडंच द्यायची. बाही तसाच. म्हणाला, "सांग काकीला, बगून काय येल तो? मानूस का झाड हाय, एका जागी उभा र्‍हायला?"

कपाळाला हात म्हणजे कुंकवाला हात. आमच्या घरात त्या काळात दुसरा वाद नव्हता.

काका म्हणजे बाच्या पाठचा भाऊ. लढाईच्या आधी कल्याणच्या एका मुकादमानं अंदमानच्या जंगलात लाकूडतोडीसाठी माणसं नेली, त्यांत तो गेला. तीन वर्षांची बोली होती. काकीचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. पुढं त्याच टोळीतला एक माणूस तापानं खंगून परत आला आणि सांगून गेला, तुमचा माणूस धडधाकट आहे, पुढच्या बोटीनं येईल. पुढची बोट आलीच नाही. बेटं जपान्यांनी घेतली. मग लढाई संपली, बेटं परत आली, देश स्वतंत्र झाला. काका आला नाही, त्याची खबरही आली नाही.

बारा वर्षं माणसाची खबर नसली की तो गेला असं धरायचं, ही आमच्याकडची रीत. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-बारावं करायचं. मग पितरांत त्याचं नाव घालून दरवर्षी त्याला पाणी सोडायचं. पुतळा पेटला की बायकोच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. ती बारा वर्षं भरत आली होती. बाला घाई होती. काकी हटून बसली होती.

कोणी म्हणेल, वाटणीसाठी असेल घाई. तसं नव्हतं. मोरिवलीत आमचं भाताचं रान होतं ते एवढंसं, आणि हिवाळा सरला की आम्ही खाली खाडीवर दुसर्‍याच्या मिठागरात राबायला जात असू. वाटायला होतं काय? बाची घाई वेगळी होती. त्याला काका दिसायचा. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभा, ओंजळ पुढं धरून. बोलायचा नाही. बा म्हणायचा, तो तहानलाय. खार्‍या पाण्यात उभा हाय आन तहानलाय. मी पानी सोडल्याबिगार त्याला ते पोचनार नाय, आन ती सोडू देत नाय.

आणि काकीचं म्हणणं इतकंच, की माणूस मेला हे कोणीतरी पाहिलेलं मला सांगा. कोणी नुसतं सांगितलं आणि मी कुंकू पुसलं, आणि उद्या तो दारात उभा राहिला तर मी कुठल्या तोंडानं पाणी देऊ?

दोघंही पाणी देण्याबद्दलच बोलत होती.

मी बी.एस्सी. झालेला. मोरिवलीतून पहिला, आणि आमच्या जातीतून आसपासच्या पाच-सात गावांत पहिला. हे मी लपवत नाही. मुंबईला नात्यातल्या एका माणसाच्या खोलीत, त्याची मुलं झोपली की त्यांच्या पायांशी जागा करून मी शिकलो. गणित माझं चांगलं होतं. कॉलेजात कोणी विचारलं, तुमचे वडील काय करतात, की मी सांगत असे, मीठ पिकवतात. काही मुलं हसत. हसोत. परीक्षेच्या निकालात त्यांची नावं माझ्या खाली असत.

नकाशाखात्यात लागलो तेव्हा गावात वाटलं होतं, आता हा कचेरीत खुर्चीवर बसणार. पहिल्याच हिवाळ्यात मला जंगलात धाडलं. सुट्टीत आलो तर पारावरची मंडळी विचारायची, "काय बी.एस्सी. सायेब, शिकून काय केलंत? झाडंच मोजता ना? मग आमची म्हस काय वाईट होती?" मी म्हणायचो, तुमच्या म्हशीला कोणी भत्ता देत नाही. हसायचे. पण अंदमानचं नाव काढलं तेव्हा कोणी हसलं नाही. पारावरचा एक म्हातारा उठून गेला. दुसर्‍या दिवशी येऊन त्यानं माझ्या हातात अंगारा ठेवला.

काकी रोज भाजीची पाटी घेऊन कॅम्पात जायची. लढाईत तिथं लष्कराच्या बराकी होत्या, आणि फाळणी झाल्यावर त्याच बराकींत सिंधी लोक येऊन पडले होते. उल्हासनगर हे नाव पाटीवर चढलं तरी आमच्या लेखी तो कॅम्पच. पाच नंबरला एक म्हातारी पापड लाटायची. सगळे तिला अदी म्हणत, म्हणून काकीही अदी म्हणायची. अदी म्हणजे ताई, हे तिला पुढं कळलं. दोघींना एकमेकींची बोली येत नव्हती, पण तासन् तास बोलत. निघायच्या आदल्या दिवशी काकी मला तिच्याकडं घेऊन गेली, जणू मी परीक्षेला निघालो होतो. अदीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि काकीला म्हणाली, "तेरा तो एक आदमी गुम हुआ है, लड़का ढूँढ लाएगा. हमारा तो पूरा शहर गुम है. उसको कौन नापेगा?"

 परतताना काकी गावाच्या अलीकडं थांबून म्हणाली, "मेला असंल तरी सांग. जिता असंल तरी सांग. पन बगितलेलं सांग. लोकांचं आयकलेलं नको."

अंदमानला आमची तुकडी दिवाळीनंतर पोचली. आमच्या खात्यात वर्षाचे दोन भाग. पाऊस सरला की फील्ड, म्हणजे रानात जाऊन मोजायचं. पाऊस आला की रिसेस, म्हणजे कचेरीत बसून मोजलेलं शाईनं उतरवायचं. रानात माझं सगळं काम प्लेन टेबलवर चाले. तीन पायांवरचा एक पाट, त्यावर ताणून बसवलेला कागद, आणि नेम धरायला एक दृष्टीची पट्टी. आपण उभे आहोत ती जागा कागदावर ठरवायची, समोरच्या खुणेवर नेम धरायचा, रेघ ओढायची. दुसर्‍या जागेवरून त्याच खुणेवर दुसरी रेघ. दोन रेघा कापल्या तिथं ती खूण. आमचे साहेब जुने, मोजून बोलणारे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ज्यावर नजर पडली ते कागदावर. तर्क खिशात ठेवायचा. नकाशा वाचून उद्या कोणी बोट आणेल इथं."

पण नजर पडायची कुठं? उघड्या मुलखात डोंगरावर चढलं की चार डोंगर दिसतात. इथं डोंगरावर चढलं की झाडांची बुडं दिसायची. माथ्यावर उभं राहूनसुद्धा आपण माथ्यावर आहोत हे पायांनी कळायचं, डोळ्यांनी नाही. खलाशी, म्हणजे आमच्या तुकडीतले गडी, उंच झाडावर चढून शेंड्याला झेंडी बांधत, मीही चढत असे, आणि वर पोचलं की खाली हिरवं, पुढं हिरवं, आणि लांब पाण्यात अशीच आणखी हिरवी ढिगोळी. खाली उतरलं की पुन्हा दिवसाउजेडी अंधार. कोयत्यानं वाट कापत जायचं, आणि मागं वळून पाहावं तर वाट मिटल्यासारखी. चार हातांवरचा माणूस दिसत नसे, त्याच्या कोयत्याचा आवाज तेवढा यायचा. कधी आवाज थांबायचा आणि मी हाक मारायचो. हाकेला ओ यायला उशीर झाला की पुन्हा मारायचो.

मी जातो तिथं काकाला शोधत होतो, हे सांगायला नको. लाकूडतोडीचे जुने तळ लागायचे. गंजलेली साखळी, कुजलेले ओंडके, दगडांची चूल. चुलीत झाड उगवलेलं. मी प्रत्येक चुलीशी थांबत असे. चूल कोणाची हे चूल सांगत नाही.

माघ सरता सरता आम्ही एका छोट्या बेटावर गेलो. वस्ती नाही, पूर्वी होती असं कुठल्या कागदावरही नाही. भोवती तिवरांचं दाट कांदळवन, म्हणून जमीन कुठं सुरू होते तेच कळेना. भरतीला बेट मोठं दिसायचं, ओहोटीला त्याहून मोठं, आणि दोन्ही खोटं. ओहोटीच्या वेळी डोंगीतून एका नाल्यात शिरलो, मग चिखलात उतरलो. तिवरांच्या मुळ्यांतून वाट काढत असताना पाय अचानक कडक जमिनीवर पडला. खलाशी म्हणाला, जपान्यांचा मोर्चा असेल, गोळ्यांच्या आडोशाला रचलेला मातीचा उंचवटा. मी टेबल मांडलं, त्याला झेंडी देऊन त्या उंचवट्यावरून पुढं पुढं चालायला सांगितलं. तो थांबेल तिथं मी नेम धरायचो, ठिपका द्यायचो.

ठिपके जोडले आणि पेन्सिल कागदावरच राहिली.

रेघ सरळ जात होती, आणि नाल्याच्या तोंडाशी एकदम आत वळून पुन्हा सरळ झाली होती. हाताचं कोपर दुमडावं तशी. मोर्चा असा कोणी बांधत नाही. मिठागराचा बांधही असा कोणी बांधत नाही. सगळ्यांची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार, बांधाच्या सरळ रेषेत असते. फक्त आमच्या घरचे लोक, कोणाचाही बांध घालायला गेले तरी, दार कोपरात बसवत. भरतीचा मार आधी बांधाच्या वळणावर जावा, दाराच्या फळीवर येऊ नये म्हणून. आजोबानं काढलेली रीत. बाकीचे आगरवाले टिंगल करायचे, ह्यांच्या बांधाला पण कोपर मारायची सवय.

म्हणजे मी तो बांध आधी जमिनीवर नाही, कागदावर पाहिला. मग टेबल तसंच सोडून धावलो.

बांधाच्या माथ्यावर झुडपं माजली होती. एका ठिकाणी खांड पडलं होतं, मोठ्या भरतीचं पाणी त्यातून आत यायचं. आत मीठ पिकवायच्या चार कोंडी होत्या, चौकोनी, मापात. त्यांची जमीन अजून घट्ट होती, पायांनी मळून बसवलेली, तिच्यावर गवताची काडी नव्हती. खार्‍या जमिनीवर उगवत नाही काही. कोंडीत बोटभर पाणी राहिलेलं, उन्हानं आटत चाललेलं, आणि कडेला पांढरी साय धरलेली. मीठ पिकत होतं. ओढायला कोणी नव्हतं. मी चिमूटभर तोंडात घातलं. कडवट लागलं. वरचं कडू पाणी काढून टाकणारं कोणी नसलं की मीठ असंच होतं.

मी हाक मारली. काय म्हणून मारली ते ठाऊक नाही. काकाला मी लहानपणी जी हाक मारत असे तीच. खलाशी माझ्याकडं बघत राहिला.

सगळीकडं हिंडलो. खोपटं नाही, चूल नाही, भांडं नाही, हाड नाही. तेवढा बांध आणि कोंडी.

तिथं मुक्काम करायला खलाशी तयार होईनात. एक जण म्हणाला, "साहब, यहाँ कोई पाँव से मिट्टी दबाता है." मी त्याला झापलं. पण सांज पडताना, ओहोटी लागल्यावर, मीही ऐकलं. तिवरांतून पाणी उतरताना चिखल असा आवाज करतो, खेकड्यांची बिळं बुडबुडतात, हे मला खाडीवर वाढल्यामुळं ठाऊक आहे, आणि मी भूत मानत नाही. पण कोंडीची जमीन मळताना माणसाचे पाय कसे पडतात तेही मला ठाऊक आहे. टाच, चवडा, मग जरा थांबणं, कारण माणूस अर्धं पाऊल मागं सरतो. टाच, चवडा, थांबणं. मी डोंगीत बसून ते ऐकत राहिलो आणि खलाशांना म्हणालो, खेकडे आहेत.

डोंगीवाला म्हातारा त्याच भागातला होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, या नाल्याला लाकूडतोडे नमक नाला म्हणायचे. लढाईत बाहेरून मीठ यायचं बंद झालं, तेव्हा बंबई तरफचा एक माणूस इथं येऊन मीठ करायचा, तळावरची माणसं घेऊन जायची. नाव काय त्याचं? "नाम कौन पूछता था साहब, नमकवाला बोलते थे." आणि मग? "कोई बोलता जापानी ले गया. कोई बोलता नाव बनाके चला गया. हम देखा नहीं."

मी शीटवर नाल्याचं नाव लिहिलं, बांधाची रेघ घातली. साहेबांनी तपासताना विचारलं, ही रेघ अशी वाकडी का? म्हटलं, आहे तशी आहे. त्यांनी मान हलवली, सही केली आणि पुढं गेले. एवढ्या एका सहीनं माझ्या घराण्याचा बांध सरकारी कागदावर चढला. मला त्याचा अभिमान वाटला.

रिसेस लागली. मला रजा मिळाली ती पितृपक्षात. घरी पोचलो तर बानं भटजींना सांगून ठेवलेलं. सर्वपित्री अमावास्येच्या आत पुतळा, अमावास्येला पाणी. काकी चुलीपाशी बसून होती. कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठं.

मी जे पाहिलं ते सांगितलं. ऐकलेलं नंतर सांगितलं, आणि हे ऐकलेलं आहे असं म्हणून सांगितलं. कोपराचं सांगताना बा पुढं सरकला. दोनदा विचारलं, आत वळलाय की भायेर? आत, मी म्हटलं. मग त्यानं डोळे मिटले.

"गावला," तो म्हणाला. "जागा गावली. आता पानी सोडता येल." आणि पश्चिमेला, खाडीच्या दिशेला तोंड करून त्यानं हात जोडले.

मी म्हणालो, "बा, तिकडं नाही."

त्याला कळेना. समुद्र तिकडं आहे, खाडी तिकडं जाते, सूर्य तिकडं बुडतो. काका समुद्रापार गेला म्हणजे तिकडंच गेला. मुकादमानं टोळीला कल्याणला गाडीत बसवलं तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की मुंबईच्या धक्क्यावर नेतायत. बाला त्या बाजूच्या खाजणात काका दिसायचा. काकी रोज दिवेलागणीला पश्चिमेच्या दारात येऊन उभी राहायची, इतकी वर्षं. आमच्या लोकांना समुद्र एकच. दुसरा असेल, तोही उलट्या अंगाला, हे कधी कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही आलं नसतं, शिकलो नसतो तर.

मी ओटीवर तांदळानं देश मांडून दाखवला. हा आपला समुद्र, ही एवढी जमीन, हा पलीकडचा समुद्र, त्यात ही बेटं. मग होकायंत्र काढलं आणि अंगणात उभं राहून बाचा खांदा धरून त्याला वळवलं. पूर्वेला, जराशा दक्षिणेकडं. बदलापूरच्या डाव्या अंगानं, बारवीच्या जंगलावरून, सरळ.

बा त्या डोंगरांकडं बघत राहिला. पावसानं सगळं हिरवंगार होतं, ढग खाली उतरले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मंग खाजनात मला दिसतो तो कोन?"

मी होकायंत्र मिटून खिशात ठेवलं. 

काकी दारातून ऐकत होती. ती बाहेर अंगणात आली आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडून निरोप न पाठवता बोलली. आवाज खालीच होता. "भावजी, बारा वर्सं कदीपासून मोजलीव?"

"त्याची खबर आली तवापासून," बा म्हणाला. थेट.

"तो तापवाला आला तवापासून. पन बांद तर मागनं घातलान. जपानी आल्यावर. ती खबर नाय का?"

बा म्हणाला, बांध म्हणजे काय खबर झाली? काकी म्हणाली, "कोपर त्यानंच घातला ना? दुसर्‍या कोनाला येतो? मंग त्यानंच धाडली ती खबर. पोरानं आता आनली. आता पुन्यांदा मोजा."

बानं मला विचारलं, बांध किती वर्षांचा असेल? माथ्यावरचं झाड केवढं होतं? शेवटचा हात कधी फिरला असेल? तू शिकलायस, सांग. काकीही माझ्याकडंच बघत होती. मी दोन वर्षं मागं म्हटलं असतं तर तिचं कुंकू आणखी दहा वर्षं राहिलं असतं. दहा वर्षं म्हटलं असतं तर बाला दोन सालांनी पाणी सोडता आलं असतं. त्या बेटावर झाड वर्षाला किती वाढतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मी बांध बघितला. त्याचं वय नाही बघितलं."

"मंग शिकून काय केलंस?" बा म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

काकीनं मला आणखी एकच विचारलं. तिकडं दिवस कधी उगवतो? आपल्या आधी, मी सांगितलं, तासाभराहून जास्त आधी.

"म्हंजे आपन उठतो तवर त्याची न्याहारी झालेली असते," ती म्हणाली आणि आत गेली.

पुतळा झाला नाही. भटजींना बानं सांगून पाठवलं, यंदा राहू दे. अमावास्येला मात्र तो नेहमीसारखा तर्पणाला बसला. भटजी नावं सांगत होते, बा पाणी सोडत होता. आजोबा, पणजोबा, आई, थोरली आत्या. मग काकाची जागा आली. बाच्या ओंजळीत पाणी होतं. त्यानं मान वर करून दाराकडं पाहिलं. काकी उंबर्‍यात उभी होती, हातांत हिरव्या बांगड्या.  पळीतून पाणी टपकण्याचा आवाज येत होता तेवढाच. मग बा भटजींना म्हणाला, "फुडलं नाव घ्या."

त्यानंतर दरवर्षी तसंच. पुढची फील्ड, मग पुढची, मी दुसर्‍या मुलखांत गेलो, पण पितृपक्षात घरी येत असे. दरवर्षी बा त्या नावाशी थांबायचा, दाराकडं बघायचा, मग पुढचं नाव घ्यायला सांगायचा. मधल्या काळात त्यानं खाडीवर जाणं सोडलं. खाजण दिसेल अशा ठिकाणी तो पाठ करून बसायचा. काका दिसतो का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "दिसतो. पन आता वलकत नाय मी त्याला." हे तो अशा आवाजात म्हणाला की पुन्हा मी विचारलं नाही.

गावाभोवती कारखाने येऊ लागले, खालची मिठागरं एकेक करून बंद पडू लागली. बांधांना खांडं पडली की कोणी बुजवायला जात नसे. अशाच एका उन्हाळ्यात बा गेला. माझ्या मांडीवर गेला, हे माझं भाग्य.

त्या वर्षी अमावास्येला पहिल्यांदा मी पाटावर बसलो. भटजी नवे होते, तरुण, आमच्या घरातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. बाचं नाव घेतलं, मी पाणी सोडलं.  मग त्यांनी विचारलं, "वडिलांचे भाऊ?"

मी दाराकडं पाहिलं. काकी तिथंच उभी होती. केस पांढरे झाले होते, त्यांखाली कुंकू लालभडक. आता घरात तिच्याहून मोठं कोणी नव्हतं. वाद घालायला तिच्यासमोर दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि बारा वर्षं तिच्या हिशेबानं भरली की नाही हे विचारायचीही कोणाची छाती नव्हती.

ती पुढं आली, माझ्या पाटापासून जराशी लांब बसली. म्हणाली, "मी आता तुला आडवनार नाय, पोरा. तुजा बा रोज त्याच्यासाटी तलमलत गेला, ते मी बगितलंय. तू तिकडं जाऊन आलायस. तू नाव घेतलंस तर मी मानीन. आज सांजेला बांगड्या उतरवीन."

भटजी वाट पाहत होते. त्यांना वाटलं, मी नाव विसरलो. "नाव सांगा," ते म्हणाले.

ओंजळीत पाणी होतं, तीळ तरंगत होते. माझ्या डोळ्यांसमोर चार कोंडी होत्या, मळून घट्ट केलेल्या, आणि कडेची पांढरी साय. तिथं कोणी मेलेलं मी पाहिलं नव्हतं. कोणी जिवंतही पाहिलं नव्हतं. काकाची तहान मी ऐकली होती, तीही बाच्या तोंडून. तहानलेला जो कोणी होता त्याला पाणी नाकारणारा आता मीच, काकी नव्हे, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

मी भटजींना म्हणालो, "पुढचं नाव घ्या."

 काकी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पितरांचं पान वाढायला आत गेली. तिच्या बांगड्या वाजत होत्या. भटजींनी पुढचं नाव सांगितलं, आणि हातातलं पाणी मी त्या नावानं सोडलं.